घरटी एक माणूस

तुळशीराम मोकल हवालदाराची सगळी नोकरी माणसं पकडण्यात आणि पोचवण्यात गेली. पकडायचं, ठाण्यात आणायचं, कोर्टात उभं करायचं, तिथून तळोज्याच्या तुरुंगाच्या दारात सोडायचं आणि पोच घेऊन परत यायचं. शिक्षा सुरू झाली की पोलिसाचं काम संपलं, असं तो धरून चालला होता. निवृत्ती तोंडावर आली आणि नवा कायदा आला. आता शिक्षा सुरू झाल्यावरच जिचं काम सुरू होतं, अशी ड्युटी त्याच्या वाट्याला आली.

मोठ्या साहेबांनी कोर्टाचा हुकूम त्याच्या हातात दिला.

"यात मी काय करायचं, साहेब?"

"पाहायचं."

"काय पाहायचं?"

"माणूस आला का, काम केलं का. आणि अहवाल द्यायचा. दांडी मारली की कोर्टाला कळवायचं. मग जज मॅडम पाहतील आत घालायचं की काय ते."

बाहेर आल्यावर शैलेश नावाचा तरणा शिपाई हसायला लागला. "काका, हवालदाराचे मुकादम झालात. आता गमबूट मागून घ्या."

"गमबूट तुला देतो. तू उतर तळ्यात," तुळशीराम म्हणाला आणि हुकूम घडी घालून खिशात ठेवला.

हुकूम शिवा घरत नावाच्या माणसाबद्दल होता. गव्हाणकडचा, तिशी ओलांडलेला. एका इमारतीच्या कामावरून त्याने पाण्याची छोटी मोटर उचलली होती. इमारत जिथं उठत होती तिथं पूर्वी त्याच्या बापाचं शेत होतं, पण कोर्टात तो ते बोलला नाही. मोटर पडून होती म्हणून घेतली, एवढंच म्हणाला. मोटर जुनी, किंमत किरकोळ, परतही केलेली, आणि गुन्हा पहिलाच. त्यामुळे नव्या कायद्याप्रमाणे त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा झाली. दोन महिने दर रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत पनवेलच्या वडाळे तळ्यावर जलपर्णी आणि कचरा काढायचा. हुकमात लिहिलं होतं की हे काम आरोपीने जातीने करायचं. चुकवलं तर तीन महिने कैद.

पहिल्या रविवारी शिवा आला तो तोंडाला रुमाल बांधून. नुसते डोळे दिसत होते.

"रुमाल कशाला?" तुळशीरामने विचारलं.

"वास येतो."

"अजून तळ्यात उतरला नाहीस. वास कुठून आला?"

शिवाने रुमालाची गाठ आणखी घट्ट केली. तळ्याच्या कडेने पनवेलची माणसं चालायला येत होती, बायका बाकांवर बसत होत्या, आणि त्यांतला कोणी गावाकडचा निघाला तर काय, ही त्याची धास्ती तुळशीरामला कळत होती. त्याने रुमालाचा विषय सोडला. हुकमात तोंड उघडं ठेवायचं असं काही लिहिलेलं नव्हतं.

महापालिकेकडून तिथं एलियास पेणकर असायचे. सफाईच्या कामाची देखरेख त्यांच्याकडे. बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू माणूस, उंच, डोक्यावर टोपी, शर्ट नेहमी पॅन्टमध्ये खोचलेला. शनिवारी त्यांची सुट्टी ठरलेली, म्हणून रविवारची ड्युटी ते आपणहून मागून घेत. भाऊबंद बरेचसे इस्रायलला गेले, मुलगा एरियलही गेला, पेणकर मात्र पनवेल सोडायला तयार नव्हते. त्यांनी शिवाला दाताळं दिलं, घमेलं दिलं, आणि पाण्यात कुठवर जायचं ते दाखवलं.

"हे बघ, वरून ओढू नकोस, तुटतं. मुळाखाली घाल आणि उचल."

"मला शिकवता का? आमी खाडीवरची मानसं."

"मग खाडीवरच्या माणसा, लवकर आटप," पेणकर म्हणाले. "माझी सफाईवाल्यांची पलटण पण उद्या यायची आहे इथं."

शिवा काम बरं करी. आवड नव्हती, पण अंगात जोर होता. तुळशीराम पिंपळाखाली खुर्ची टाकून बसे. सुरुवातीला त्याला फार अवघड वाटे. माणूस राबतोय आणि आपण त्याच्याकडे बघत बसलोय, असं त्याने कधी केलं नव्हतं. बेडी घातलेल्या माणसाकडे बघण्यात लाज नसते, तिथं दोघंही चाललेले असतात. इथं एक कमरेत वाकलेला आणि दुसरा बसलेला. मग तो उठून कडेकडेने फिरू लागला. फिरता फिरता बोलणं होई. दोघं एकाच खाडीच्या पाण्यावर वाढलेले. तुळशीराम आता कळंबोलीच्या रोडपालीला फ्लॅटमध्ये राहत होता, पण शिवाशी बोलताना त्याच्या तोंडून आपोआप गावचं बोलणं येई.

"लगीन झाला का रं?"

"नाय."

"का?"

"कोन देतंय? जमीन गेली, पैसा आला, पैसा गेला. आता आई हाय आनि मी हाय."

"आनि काम?"

"बोलिंग," शिवा म्हणाला आणि पहिल्यांदा त्याचे रुमालावरचे डोळे हसले. त्या पट्ट्यातल्या गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, मांडव पडतात, कर्णे लागतात, बक्षिसाला मोटरसायकल असते. शिवा आपल्या गावाचा शेवटच्या षटकाचा बोलर होता. त्या गोष्टीत तो कुणाच्या मागे नव्हता, आणि त्याच्याकडे दुसरी अशी गोष्टही नव्हती.

तीन रविवार असे गेले. तुळशीरामने अहवाल दिले. चौथ्या रविवारी तो तळ्यावर पोचला तर शिवाचा पत्ता नाही. फाटकाशी एक म्हातारी उभी होती. लुगडं कासोटा मारून वर खोचलेलं, डोक्यावर घमेलं, घमेल्यात विळा आणि फडक्यात बांधलेली भाकरी. घमेल्याच्या काठाला लाल रंगाचे दोन पट्टे ओढलेले होते.

"तुमीच का हवालदार?" तिने विचारलं.

"हो. तुम्ही कोण?"

"मी भामा. शिवाची आई. सांगा, कुठनं लागायचा?"

तुळशीरामला वाटलं पोरगा मागे येतोय. त्याने रस्त्याकडे बघितलं. "शिवा कुठाय?"

"त्याची म्याच हाय. आज शेवटची, मोठी. गावाची इज्जत हाय म्हनून तो तिकरं गेला, म्हनून मी इकरं आयले." तिने हे असं सांगितलं जसं कुणी सांगावं की दूधवाला आज आला नाही, म्हणून त्याचा भाऊ आला. लपवाछपवी काही नाही. ताप आला, पाय मुरगळला, असलं काही ती बोलली नाही.

"मावशी, असं चालत नाही. शिक्षा शिवाला आहे."

"ते ठाव हाय मला. पन घरटी एक मानूस आला म्हंजे झाला ना?"

ती कुठून बोलतेय ते तुळशीरामला कळलं.

खाडीकाठच्या गावांत समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले असायचे. उधाणात बांध फुटून खांड पडली की दवंडी व्हायची, घरटी एक माणूस. चिखलाची ढेकळं घेऊन प्रत्येक घरातून एकाने यायचं. बाप्या नसेल तर बाई, बाई नसेल तर पोर. घमेली एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ज्याच्या त्याच्या घमेल्याला रंगाची खूण असे. काम संपल्यावर पंच घरांची नावं पुकारत. घरातून कुणी ओ दिली की ते घर सुटलं. घर आलं नाही तर दंड. कोण आलं हे कुणी विचारत नसे. आता शेतं गेली, बांधाच्या जागी रस्ते झाले, पण तळं साफ करायचं असो की जत्रेचा मांडव घालायचा असो, गावात अजून तसंच सांगतात. भामाच्या लेखी कोर्ट म्हणजे मोठा पंच होता. त्याने घरत घराला दंड केला होता, आणि घर आलं होतं.

"तुम्ही बसा इथं. मी त्याला फोन लावतो," तुळशीराम म्हणाला.

फोन लागला तेव्हा आधी कर्णाच ऐकू आला. कुणीतरी किंचाळत होतं, "आणि हा चेंडू थेट मांडवाच्या पलीकडे! टाळ्या झाल्या पाहिजेत, मंडळी!"

"शिवा, मी मोकल हवालदार. कुठं आहेस?"

"काका, म्याच हाय. आई आली ना तिथं?"

"आली. शिक्षा तुला झालीय, आईला नाही. गाडी काढ आणि ये. दुपारच्या आत पोच, मी उशीर लिहितो."

"काका, आमची ब्याटिंग झाली, आता बोलिंग हाय. मी गेलो तर शेवटची ओवर कोन टाकंल? आई हाय ना. ती करंल सगळा. तिला सवय हाय." मागून कुणी तरी त्याच्या नावाने हाका मारत होतं. "ठेवतो काका. पुरच्या आयतवारी येतो." फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

तुळशीराम वळला, तर भामा तळ्यात उतरलेली. गुडघाभर पाण्यात वाकून ती विळ्याने जलपर्णी सोडवत होती आणि काठावर टाकत होती.

"मावशी, वर या. हे धरलं जाणार नाही."

"धरा नायतर नका धरू. आयलेच हाय तर रिकामी कशाला बसू?"

"अहो, पाय घसरेल."

"माझा?" ती हसली. "तुमी सांभाला. बूट चिकलात गेला तुमचा."

खरंच गेला होता. तुळशीरामने पाय बाहेर काढला. तिला हाताला धरून बाहेर ओढणं हा एक मार्ग होता, पण त्यासाठी बाईमाणसाच्या अंगाला हात लावावा लागला असता, तोही तिने कुठलाच गुन्हा केलेला नसताना. महिला शिपाई बोलावणं हा दुसरा. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. तो उभा राहिला आणि पाहत राहिला.

पेणकर फेरी मारत आले. त्यांनी म्हातारीकडे बघितलं, काठावरच्या ढिगाकडे बघितलं, आणि तुळशीरामकडे.

"ही कोण नवीन?"

"त्याची आई."

"आणि तो?"

"क्रिकेट."

पेणकरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "काम तर झालंय, हवालदारसाहेब. किती निघालं त्याची सही मी देईन. कोणी काढलं ते तुमचं खातं."

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी तुमच्या जागी नाही ते बरं आहे." पेणकरांनी टोपी परत घातली. "आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा बाप्ये लागतात. पूर्वी आत उभं राहायला जागा नसायची. आता कितीदा नवावर अडतं. परवा तसंच झालं. माझी बायको एलिशेबा म्हणाली, एरियल असता तर दहा झाले असते, त्याच्या जागी मला धरा की. सगळे हसले. पण धरलं नाही कुणी. वाट बघितली आणि आपापल्या घरी गेलो."

"वाईट वाटलं नाही?"

"तिला वाटलं. पोळ्या करपवल्या त्या दिवशी," पेणकर म्हणाले आणि पुढच्या फेरीला गेले.

तुळशीराम पिंपळाखाली बसला. त्याची आईही अशीच उतरली होती बांधाच्या चिखलात. बाप गलबतावर होता आणि खांड पडली. तुळशीराम तेव्हा लहान होता, काठावर उभा राहून बघत होता. रात्रभराच्या उधाणाने सगळा गाव कावलेला. शेवटी पंचाने बापाचं नाव पुकारलं, महादू मोकल, आणि त्याची आई कमरेपर्यंत चिखलात उभी राहून मोठ्याने म्हणाली, हाय. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पुढचं नाव आलं.

आज हजर लिहिलं असतं तर कुणाचं काय बिघडत होतं? पेणकर बोलणार नव्हते. साहेब अहवाल उघडून बघत नव्हते. तळं तर साफ होतच होतं. तुळशीरामचं मन जवळजवळ झालं होतं.

दुपारी भामा वर आली, हातपाय धुतले, आणि सावलीत बसून भाकरी सोडली. सुकटीचा वास आला. तिने अर्धी भाकरी त्याच्यापुढे धरली. त्याने नको म्हटलं.

"हवालदार, एक इचारू?" ती घास खात म्हणाली. "पुरच्या आयतवारी त्यांची उलव्याला म्याच हाय. त्याच्या पुरं अजून कुठं तरी हाय. तर आता मीच येत जाव का? तो पन सुटला, तुमी पन सुटला. माझा काय, मला घरात बसून तरी काय करायचाय?"

"हे शिवा बोलला का तुम्ही?"

"तोच बोलला. आई, तुला जमल ना, म्हनाला."

तुळशीरामला फोनवरचं ते वाक्य आठवलं. तिला सवय आहे. म्हातारीने गुडघ्यांवर दोन्ही हात टेकून उठायचा प्रयत्न केला, पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं.

"मावशी," तो म्हणाला, "मी त्याला गैरहजर लिहिणार."

तिला समजलं नाही. "मी आयले ना?"

"तुम्ही आलात ते पण लिहिणार. पण तो आला नाही. कोर्ट बोलावेल त्याला. तीन महिने आत जाऊ शकतो."

म्हातारीचा चेहरा बदलला. घमेलं घ्यायला वाकली होती ती तशीच राहिली. "म्हंजे मी सकालधरनं चिकलात मेले ते?"

"मी सांगितलं होतं धरणार नाही म्हणून."

"सांगितला होता! तुमी कुठल्या गावचे ते शिवाने सांगितलाय मला. तुमच्या गावात बाई आयली तर परत पाठवायचे का? आं? वर्दी घातली म्हनून बांध इसरला का तू?" तुमीचं तू झालं. "पोरगा आत गेला तर मला भाकरी तू घालशील का रं, मोकला?"

तिने घमेलं तिथंच टाकलं आणि फाटकाबाहेर गेली. तुळशीरामने तिच्या मागे हाक मारली नाही. त्याने अहवाल लिहिला. आरोपी गैरहजर. आरोपीची आई स्वतःहून आली, तिने दुपारपर्यंत काम केलं, सदर काम आरोपीचे नाही. खाली सही केली.

ठाण्यात शैलेशने वाचलं आणि डोळे मोठे केले. "काका, आईचं कशाला लिहिलंत? उद्या विचारतील, बाहेरची बाई तळ्यात उतरलीच कशी? म्हातारी बुडली असती तर? रिटायर व्हायला आलात आणि शेपूट लावून घेताय."

"झालं ते लिहिलं."

"झालं त्यातलं निम्मं पण लिहिता येतं की," शैलेश म्हणाला. तुळशीरामने कागद त्याच्या हातातून घेतला आणि आत नेऊन दिला.

कोर्टाने आठवड्याच्या आतच बोलावलं. शिवा आला, रुमाल नव्हता, नवा शर्ट होता. बाकावर त्याच्या शेजारी भामा. तुळशीरामला बघून तिने मान फिरवली.

"जिंकलात का रे?" तुळशीरामने शिवाला हळूच विचारलं.

"नाय. शेवटच्या ओवरला दोन सिक्स बसले."

जज मॅडमनी अहवाल वाचला आणि शिवाला विचारलं, "तुम्हाला आत का पाठवू नये? सांगा."

शिवा खाली बघत राहिला. भामा मात्र कुणी न विचारता उठली. घरटी एक माणूस, बांध, खांड, पंच, सगळं तिने एका दमात सांगितलं. घर आलं होतं, बाईसाहेब, घराने काम केलं, आता घराला दंड कसला, असं तिने विचारलं. मागच्या बाकांवर वकील हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तुळशीरामला पुढं बोलावलं.

"हवालदार, अशी पद्धत खरंच आहे?"

"आहे, मॅडम. माझ्या गावातही होती. माझी आई गेलीय वडिलांच्या जागी."

"तेव्हा चाललं?"

"चाललं."

"मग इथं गैरहजर का लिहिलं?"

तुळशीराम कोर्टात अनेकदा उभा राहिला होता. विचारलं तेवढंच सांगायचं, हे त्याच्या अंगी मुरलेलं. पण या प्रश्नाला तेवढंच असं काही नव्हतं. "बांध सगळ्या गावाचा होता, मॅडम," तो म्हणाला. "मोटर यानं एकट्यानं उचलली."

शिवाने मान वर केली आणि पहिल्यांदा आईकडे बघितलं. तिच्या पोटरीवर विळ्याने लागलेलं होतं, त्यावर हळद भरलेली. त्याला ती जखम माहीत होती की नव्हती, हे तुळशीरामला त्याच्या तोंडावरून कळलं नाही.

"मी येतो, मॅडम," शिवा म्हणाला. "उलव्याला जात नाय. मी सगळे आयतवार येतो."

मॅडमनी तो रविवार शेवटी जोडून दिला, वर आणखी एक दिला, आणि पुन्हा दांडी पडली तर कुणाचं ऐकणार नाही असं सांगितलं. आईने केलेलं काम कशातही धरलं नाही. मग अहवालाचा कागद पुन्हा उचलून त्यांनी एक गोष्ट वाढवली. शिक्षा नसलेल्या वृद्ध बाईला पाण्यात उतरून काम का करू दिलं, याचा खुलासा हवालदाराने ही शिक्षा पुरी होताच वरिष्ठांमार्फत द्यावा.

पुढचे रविवार शिवा आला. आईला फाटकाबाहेर बसवून तो आत येई, आणि ती बाहेरून त्याला ओरडून सांगे, अरे वरनं तोडू नको, मुलाखालनं काढ. पेणकर म्हणत, "मावशी, मी आहे ना इथं." ती म्हणे, "तुमी टोपी सांभाला." तुळशीरामशी ती बोलत नसे. शेवटच्या रविवारी कामाच्या कागदावर सह्या झाल्या, आणि शिवा मोकळा झाला. तेव्हा ती फाटकाच्या आत आली.

"माझा घमेला," ती म्हणाली. पेणकरांकडे बघून म्हणाली, पण ऐकायचं तुळशीरामने होतं.

महापालिकेच्या खोलीत घमेल्यांची थप्पी लागली होती. तुळशीराम स्वतः आत गेला, एकेक खाली ठेवत गेला, आणि लाल पट्ट्यांचं काढून बाहेर आणलं. भामाने ते घेतलं, नखाने पट्टे खरवडून बघितले, आपलंच आहे याची खात्री केली, आणि डोक्यावर ठेवायला लागली. शिवाने ते तिच्या हातातून घेतलं. तिने परत ओढलं. त्याने सोडलं नाही. दोघं तसेच ओढाताण करत फाटकाबाहेर गेले.

त्यानंतर तुळशीराम ठाण्यात येऊन खुलासा लिहायला बसला. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. शैलेशने त्याला मजकूर सांगितला होता: बाईने ऐकले नाही, महिला कर्मचारी उपलब्ध नव्हती, तब्येतीवर लक्ष ठेवले होते. सगळं चालण्यासारखं होतं. पोराला गैरहजर लिहिताना त्याचा हात थांबला नव्हता, इथं तो थांबला. बाई पाण्यात उतरली तेव्हा पहिल्या घटकेला त्याला ती बुडेल अशी भीती वाटली नव्हती, काळजीही वाटली नव्हती. ती उतरणं त्याला बरोबर वाटलं होतं. हे लिहिता येण्यासारखं नव्हतं, आणि शैलेशने सांगितलेलंही त्याने लिहिलं नाही.

थांबवायला हवे होते, त्याने लिहिलं. थांबवले नाही.

साहेबांनी वाचून त्याच्याकडे बघितलं. "एवढंच?"

"एवढंच, साहेब."

साहेबांनी सक्त ताकीद दिली आणि ती त्याच्या नोकरीच्या कागदांत लागली. पुढच्या सोमवारी कोर्टाकडून तसलाच आणखी एक हुकूम आला, या वेळी दारू पिऊन बसस्टँडवर गोंधळ घातलेल्या एका माणसाचा. साहेबांनी तो शैलेशला दिला. शैलेश बाहेर आला आणि तुळशीरामच्या टेबलाशी उभा राहिला.

"काका, यात नक्की काय पाहायचं असतं?"

"कोण आलंय ते," तुळशीराम म्हणाला.